टप्पे

हॉटेल न्यू टिपेश्वर, परमिट रूम अन् फॅमिली.
जुनं टिपेश्वर कुठं होतं, पांढरकवड्यात कोनाले मालूम नाही.
रमच्या मांगं, टूथपिकच्या डब्याच्या बाजूले
ते लाल बाटली दोन उन्हाळे उभी हाये.
पडदा फाटला तेव्हापासून
चार वाजताचं ऊन येऊन तिच्याच आंगावर बसते.
कार्डात लिवलं हाये, रेड वाईन १८५०.
मीच टाइप करून आनलं होतं झेरॉक्सवाल्याकून.
शेठ म्हने, कोनी मागत नसते रे पेंदोर,
पन कार्डात असली म्हनजे चिकन महाग वाटत नाही.

त्या दिवशी मागितली.
नगराळे कंडक्टर, रिटायर होऊन वरीसही झालं नसन,
सोबत बाई, हिरव्या काठाची साडी,
पायात पोरीनं पाठवलेले बूट.
पोरगी पुण्याले. फोनवर म्हने,
आई, एकदा पिऊन तर पाहा, दारू नाही ते.
बाई केबिनात बसली
दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसतात तशी.

मी बाटली फडक्यानं पुसली. तिथंच चुकलं.
धूय निंगाली अन् छापील किंमत दिसली, ६४०.
नगराळेनं चष्मा कपाळावर घेतला,
एक डोया बाटलीवर, एक कार्डावर,
ओठ हालत राह्यले.

"बाराशे दहा," म्हने.
"हे बाराशे दहा कोनत्या गावचं भाडं हाये?
एकतीस वर्स म्या झरी-जामनीच्या गाडीत तिकीट फाडलं.
जितके टप्पे तितकाच पैसा.
हे बाटली त्या रॅकवरून अठी आली,
सात पावलं झाली असन.
किती टप्पे धरले तुमी?"

मी काय सांगू.
एसीचे म्हनलं, तर एसी बंद.
ग्लासाचे म्हनलं, तर ग्लास पान्याचे,
दांडीचे दोन होते ते शेठच्या पोराच्या बड्डेले फुटले.
बसायचे म्हनलं, तर बाईच्या खुर्चीखाली
पुठ्ठा मीच घडी करून लावेल होता.
माहे म्हनलं असतं, तर खोटं बोलल्याचं पाप;
मले दिवसाचे तीनशे भेटते, अन् रातचा भात.
"कार्डात असंच हाये, काका."
एवढंच आलं तोंडातून.

"अस्सं," म्हने. "म्हनजे तू बी कंडक्टरच.
भाडं डेपो ठरवते."

"फोडा ना आता," बाई म्हने, "घरून निंगून आलो."
बूच निघेना. शेवटी पेचकसानं आत लोटलं,
ते बाटलीत पोहत राह्यलं.

तिनं घोट घेतला. थांबली.
"आंबील," म्हने, "माह्या मायची, तिसऱ्या दिवसाची."
नगराळेनं घेतला. तोंड वाकडं केलं नाही,
साडेअठराशेच्या चवीले कोन तोंड वाकडं करते.
"असंच राह्यते का हे?"
मी हो म्हनलं. मले काय मालूम.
अख्ख्या तालुक्यात कोनाले मालूम असन?
पुण्याले फोन लावला, तर पोरीचा नंबर बिझी.

अर्धी उरली.
बाई कानाले हात लावून पाहत होती, गरम झाले म्हने,
अन् एकटीच हासत होती.
मंग बुटाची नाडी सुटली, ते बांधता बांधता बी हासली.

नगराळेनं नोटा मोजून ठेवल्या.
बिल उलटं केलं, खिशातला पेन काढला,
मांगच्या बाजूले लिवलं, बाकी १२१०,
भोवताल गोल केला, खाली सही ठोकली
अन् माह्या हातात देल्लं.

"ठेव," म्हने.
"उतरताना घेऊन जाईन."